भागीबाईचा अळू

गंगापूर रोडवरच्या त्या सोसायटीत भागीबाई अकरा वर्षं जिने झाडते. नवरा मंगळू तिथलाच वॉचमन. दोघं पार्किंगमागच्या खोलीत राहतात. खोलीच्या मागे टाकीचं जादा पाणी पाइपातून सांडतं. त्या ओलीवर तिने सुरगाण्याकडच्या आईच्या परसातल्या अळकुड्या आणून लावल्या. पुढे आई गेली. परसावर भावाने घर बांधलं. आईच्या हातचं म्हणावं असं जगात उरलं ते या चिखलात.

श्रावणात पानं सुपाएवढी व्हायची. निम्मी सोसायटी वड्यांसाठी मागायला यायची, आणि पानं देताना ती दरडावायची, चिंच घालताना हात आखडू नका.

यंदा सेक्रेटरी झालेल्या हर्षालीताईंनी गेटवर कुंड्या मांडल्या. त्यांत नर्सरीतला जांभळट-काळा अळू, शोभेचा. मागचा मात्र त्यांना गबाळा वाटला. डास होतात, काढून टाका, असा निरोप आला. भागीबाईने तो ऐकला आणि जिना झाडत राहिली. खोली जाईल, मंगळू कुरकुरला. जाऊ दे, ती म्हणाली.

मग ताईंनी बोलावलेला नर्सरीचा माळी आला, ललित. कुंड्या हलवण्यात हयात गेलेली. त्याने कुदळीने वाफा उकरला आणि उघड्या हातांनी देठ मोडत सुटला. चीक कोपरापर्यंत ओघळला. थोड्याच वेळात तो पाइपाखाली हात धरून नाचू लागला. भागीबाईने त्याला जरा नाचू दिलं. मग चिंचेचा कोळ आणून स्वतःच त्याच्या हातांना चोळला.

"हाताला तेल लावून अळवाला हात घालावा, दादा. कुणी सांगितलं नाय?"

ओशाळून हसत त्याने कुदळ स्कूटरला बांधली आणि निघून गेला. ढिगातल्या अळकुड्या वेचून ती पुन्हा पुरायला बसली. सकाळचे दहा, सगळ्यांची जायची-यायची वेळ. हर्षालीताई गाडीपाशी थबकल्या.

"भागीबाई, असं चालणार नाही. आम्हाला दुसरी बाई बघावी लागेल."

"बघा, ताई." तिने मान वर केली नाही. "गेटवरचा बी अळूच हाय. त्याला पाणी मीच घालते. हा मी काढायची नाय."

ताईंच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

शेवटच्या अळकुडीवर माती लोटून तिने टाचेने दाबली. हात धुतले. सी विंगचा जिना अजून झाडायचा होता.