निश्चिंत गुळाचा खटला

शांतव्वाला रक्ताचा पहिला ठिपका देवघराच्या उंबऱ्याशी दिसला. कुंकू सांडलं असेल म्हणून ती पुसायला वाकली, तर बोट ओलं झालं. पुढच्या फरशीवर तसाच दुसरा ठिपका, त्याच्यापुढं आणखी, आणि ते सगळे तिच्या नवऱ्याच्या पाटाकडं गेलेले. सोमशेखर डोळे मिटून बसला होता. कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर इष्टलिंग, आणि मांडी घातलेल्या पायाच्या तळव्यातून रक्त झिरपत होतं. त्याचा त्याला पत्ताच नव्हता.

पूजेत बोलायचं नाही. ती पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिली. त्यानं लिंगावर बेलाचं पान वाहिलं, वाटीतला गुळाचा खडा दाखवला, हात जोडले आणि खडा तोंडात टाकला.

"अवं, पायाला काय झालंय?"

"कुटं काय?" म्हणत त्यानं तळवा वळवून बघितला, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय आहे. "आयला! चपलीचा खिळा वर आला असंल."

शिरोलीच्या फौंड्रीत अख्खी रातपाळी हा माणूस त्या खिळ्यावर उभा राहिला होता. दुखलं कसं नाही, हा विचार शांतव्वाच्या मनातून जाईना.

लेक सुष्मिता कॉलेज बुडवून दोघांना डॉक्टरांकडं घेऊन गेली. रक्त तपासलं, साखर चारशेच्या घरात. डॉक्टर म्हणाले, "पाय बधिर झालाय. गोड काय खाता?"

"ह्यास्नी साकरंचा रोग निघाल्यापास्नं साकर घरात येतच न्हाय, सायेब," शांतव्वा म्हणाली. "चहा बी बिनसाकरंचा. गोड म्हंजी ह्योच, त्यांच्यासाठीचा." तिनं पिशवीतून पाकीट काढलं. 'निश्चिंत गूळ. मधुमेहींसाठी खास. रक्तातली साखर वाढू देत नाही.' वर पांढऱ्या कोटातल्या हसऱ्या डॉक्टरचा फोटो. केबलवर संध्याकाळच्या मालिकेच्या मध्ये हाच माणूस येऊन हात हलवून सांगायचा, 'साखर सोडा, गूळ जोडा!' ते ऐकूनच तिनं दुकानातून पहिलं पाकीट आणलं होतं.

डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून टेबलावर ठेवलं. "हा गूळच आहे, बाई. गूळ म्हणजे साखरच. आजपासून बंद. आणि जखमेजवळचं हे अंगठ्याशेजारचं बोट लाल झालंय, त्यावर लक्ष ठेवा. काळं पडायला लागलं तर त्याच दिवशी या. वर सरकलं तर पाय काढावा लागतो."

सोमशेखर बाहेर आला तो तणतणतच. "ह्यो डॉक्टर आनि पाकिटावरचा काय न्हावी हाय व्हय? अगं, कोल्हापूरच्या मान्साला कदी गूळ बाधतोय का? ह्याला आपली औषधं खपवायची हाईत."

शांतव्वानं पाकिटं लपवली. तो फौंड्रीच्या फाटकाजवळच्या दुकानातून खडे खिशात घालून आणायला लागला. सकाळी पाटावर बसला की खिशातला खडा काढायचा, लिंगाला दाखवायचा, की झाला प्रसाद. आता तो हातातून काढून घ्यायचा कसा? प्रसाद झालेला कण टाकायचा नाही, ताटाला लागलेलं खरकटंसुद्धा पाण्यानं धुऊन ते पाणी प्यायचं, ही शांतव्वाच्या सासूनं तिला लग्नानंतर लावलेली पहिली शिस्त. एकदा ती हात पुढं करून म्हणाली, "मला द्या तो." तो म्हणाला, "तुला येगळा देतो की," आणि खिशातून दुसरा काढला. देवाच्या आडोशानं माणूस मरणाकडं चाललाय, आणि देवासमोरच आपल्याला तोंड उघडता येत नाही, असं तिला झालं.

तो दुपारी झोपला की ती त्याच्या पायाशी बसायची. अंगठ्याच्या शेजारचं बोट रोज बघायची. आधी लाल होतं, मग जांभळट दिसायला लागलं. वाकून वास घ्यायची. घराबाहेर सायकलची घंटी वाजली तरी दचकायची. तिच्या माहेरी सदलग्याला एका चुलत्याचा पाय असाच गेला होता, आणि मग तो चुलताही. चुलत्याच्या खाटेभोवती टाकलेल्या फिनेलचा वास तिला स्वयंपाक करतानाही यायचा.

गल्लीत हंबीरराव राहायचे. तहसीलमधून रिटायर झालेले, आता ग्राहक पंचायतीचं काम करायचे. सुष्मितानं त्यांना पाकीट दाखवलं.

"केस करता येती की ह्याची," ते म्हणाले. "ग्राहक मंचात. भरपाई मागू, वैनी."

"भरपाई नको, भावजी," शांतव्वा म्हणाली. "ह्या पाकिटावर लिवलंय ते खोटं हाय, एवडं सायबानं कागदावर लिवून शिक्का मारून दिलं तर बास. सरकारी शिक्का म्हटला की आमचं मालक कागद कपाळाला लावत्यात. दुसऱ्या कुनाचं ऐकत न्हाईत."

शेजारची बनाबाई कट्ट्यावरून ओरडली, "बघा गं, नवऱ्याचा गूळ सोडवायला कोर्टात चाललीया! माज्याची दारू सोडवायला बी एक अर्ज टाक की!" सगळ्या हसल्या. शांतव्वाही हसली, पण घरात आल्यावर तिनं दार लावून घेतलं.

कंपनीला नोटीस गेली. ते सोमशेखरला कळलं त्या दिवशी तो जेवला नाही.

"माज्या नावानं गावभर बोंब? मी येनार तारखेला. पर साक्ष कंपनीच्या बाजूनं देनार. सांगतो सायबास्नी, गुळानं मला काय बी झालेलं न्हाय."

"अप्पा, पाय बघा तरी एकदा," सुष्मिता म्हणाली.

"गप बस. पाय खिळ्यानं झालाय."

कोल्हापुरात मंचाच्या कचेरीत त्या दिवशी तो खरंच कंपनीच्या वकिलाशेजारी जाऊन बसला. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. वकिलानं त्याला सरकून जागा दिली, पाण्याचा ग्लास दिला. समोरच्या बाकावर शांतव्वा गळ्यातली लिंगाची पेटी पदराखाली मुठीत धरून बसली. हा उठून बोलला की सगळं संपलं. नवराच म्हणतोय काही झालं नाही, मग बायकोचं कोण ऐकणार? आणि मग हा घरी जाऊन उजळ माथ्यानं गूळ खाणार. खिडकीतून उन्हाची तिरीप त्याच्या चपलेवर पडली होती. बोटाच्या टोकाला काळं दिसत होतं. काल नव्हतं. तिनं सुष्मिताचं मनगट एवढं दाबलं की पोरीच्या बांगड्या करकरल्या.

हंबीररावांनी मंचाच्या साहेबांसमोर अर्ज वाचला, पाकीट पुढं ठेवलं. मग कंपनीचा वकील उठला. तरुण होता, बोलायला गोड.

"साहेब, जाहिरात ती जाहिरात. माल विकायचा तर थोडं वाढवून बोलावंच लागतं. पण गूळ खाल्ल्यानं साखर वाढणार नाही, असं कुठला शहाणा माणूस खरं मानेल? पाकिटाच्या मागं बारीक अक्षरांत छापलंय, वैद्यकीय सल्ल्यानं घ्यावा. शेवटी गूळ हा गूळच आहे. कुणी तो औषध समजून खाल्ला, तर त्याच्या भोळेपणाला माझे अशील जबाबदार नाहीत."

सोमशेखर उठून उभा राहिला. शांतव्वानं डोळे मिटले.

"वकीलसायेब," तो म्हणाला, "म्हंजी साकर वाडतीया म्हना की."

"तुम्ही बसा, काका. तुमची वेळ आली की बोलवतो."

"न्हाय, मला कळू द्या. तुमच्याच पाकिटावर लिवलंय, वाडत न्हाय. टीव्हीवर तुमचाच डॉक्टर सांगतोय."

"अहो, तो नट आहे." वकील हसला. मागच्या बाकावरचे दोघंतिघंही हसले. "ज्याला साखर आहे त्यानं गूळ खाऊ नये, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल."

सोमशेखर उभाच राहिला. टोपी काढली, पुन्हा घातली. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?" त्यानं मान हलवली, नाही म्हणून. मग त्या बाकावरून निघाला आणि मधली मोकळी जागा ओलांडून शांतव्वाच्या शेजारी येऊन बसला. लंगडत होता, आणि ते त्याला आज पहिल्यांदा जाणवल्यासारखं दिसलं. साहेबांनी पुढची तारीख दिली.

बाहेर पायरीवर बसून त्यानं चप्पल काढली, पाय हातात धरून उजेडात बघितला. बोट काळं पडलं होतं आणि काळेपणा पेराच्या वर चढायला लागला होता. त्यानं नखानं बोट टोचलं. आणखी जोरात टोचलं.

"शांते, काय बी कळत न्हाय गं." इतकी वर्षं तिनं त्याचा असा आवाज ऐकला नव्हता.

खिशातले खडे काढून त्यानं तिच्या हातावर ठेवले. "ह्ये देवाला दाखवायचं ऱ्हायल्यात. प्रसाद झालेला न्हाय अजून. टाक."

तिनं ते पायरीखालच्या गटारात टाकले. हंबीरराव रिक्षा थांबवत होते. "वैनी, घरला न्यायची न्हवं?"

"दवाखान्याकडं," सोमशेखरच बोलला.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि बराच वेळ घोट्याजवळ बोटं ठेवून नाडी शोधली. मग नर्सला खूण केली. "बोट काढावंच लागेल. आजच. बाकीचं आत बघितल्यावर सांगतो."

स्ट्रेचर आत गेलं. दार लागायच्या आधी सोमशेखरनं मान उचलून हाक मारली, "केस काडून घेऊ नगंस!" सुष्मिता दाराकडं धावली. शांतव्वा बाकावरच बसून राहिली. इथंही फरशी फिनेलनंच पुसलेली होती. तिनं पेटी उघडली, लिंग तळहातावर घेतलं, आणि मंत्राचा पहिला शब्द तिला आठवेना.