वरवरचा नमुना

मलकापुरात एका खासगी लॅबमध्ये मी बरीच वर्षं नमुने घेते. माझा हात हलका आहे असं बायका म्हणायच्या, आणि मला त्याचा गर्व होता.

हिवाळ्यात पिंपळगाव राजाहून एक जोडपं दोन महिन्यांचं बाळ घेऊन आलं. बाळ सलग खोकायचं, मग श्वास अडकायचा. डॉक्टरांना डांग्या खोकल्याची शंका होती. बारीक काडी नाकातून थेट मागे, घशाच्या वरपर्यंत नेऊन फिरवायची होती.

काडी आत जाताच बाळाचे ओठ निळे पडले. आई ओरडली, "ताई, काढा वो! माह्यं लेकरू निळं पडून राह्यलं!"

मी घाबरले. काडी नाकपुडीतच फिरवली, नळीत टाकली आणि फॉर्मवर लिहिलं, 'नमुना नाकाच्या मागून घेतला.' बाळ सावरल्यावर पुन्हा घेता आला असता. पण बाहेर लोक खोळंबले होते.

नमुना तपासायला नागपूरच्या मोठ्या लॅबला गेला. तिथून रिपोर्ट आला, जंतू नाहीत. डॉक्टरांनी साध्या सर्दीचं औषध दिलं. त्या रिपोर्टला अर्थ नाही हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसले.

आठ दिवसांनी बाळाला भरती करावं लागलं. डॉक्टरांनी मला बोलावलं. "रिपोर्ट तर चांगला होता. मग हे काय?"

"सर, काडी मागपर्यंत गेलीच नव्हती. मी खोटं लिहिलं."

त्यांनी माझा फॉर्म समोर ओढला. मग म्हणाले, "आठ दिवस तुम्ही हे पोटात ठेवलंत?"

त्यांनी त्याच दिवशी औषध बदललं. त्याआधी मी दुसरा नमुना घेतला. बापानं बाळाचं डोकं धरलं, ऑक्सिजन जवळ ठेवला, आणि काडी अडेपर्यंत नेली. या वेळी जंतू सापडला. डांग्या खोकल्याच्याच कुळातला, त्याचा भाऊबंद. बदललेलं औषध त्यालाही लागू पडलं.

बाळ वाचलं. घरी जाताना आई ओल्या हरभऱ्याची जुडी घेऊन लॅबमध्ये आली. "ताई, तुमच्या हातानं आजार सापडला. तुम्ही नसत्या तं काय झालं असतं वो?"

बाप म्हणाला, "पहिल्यांदा त्या नागपूरवाल्यायनंच घोळ केला. नाही का, ताई?"

डॉक्टरांना सांगितलं होतं, तसं यांनाही सांगता आलं असतं. मी मान हलवली. होकाराची. आणि म्हटलं, "लस चुकवू नका."

हरभरा घरी नेला, पण एक घाटाही सोलवला नाही.