एकशे ऐंशी सेकंद

आमच्या आईच्या मते अवसेला तिन्हीसांजेनंतर गच्चीवर पाऊल टाकू नये, केस मोकळे सोडून तर मुळीच नाही. आणि माझा ताऱ्यांचे फोटो काढण्याचा छंद असा, की अवसेलाच गच्चीवर जावं लागतं. आकाशात चंद्र असला की त्याच्या उजेडात बारीकसारीक सगळं बुडून जातं. त्यात सीवूड्सला आधीच मॉलचे दिवे, रस्त्याचे दिवे, खाडीपलीकडून उरणकडच्या कंटेनर यार्डांचा पिवळा उजेड. म्हणजे महिन्यात अवसेच्या आगेमागे चारपाच रात्री काय त्या माझ्या, आणि दर महिन्याला त्याच चारपाच रात्री आमच्या घरात भांडण. मी तिला म्हणायचे, "अगं, भुतांना बरी लिफ्ट मिळते सातव्या मजल्याची!" ती म्हणायची, "हसण्यावारी नेऊ नको गो."

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर मी ती शेवटपर्यंत टाळत बसेन. माघातल्या एका अवसेला माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात, पॅसेजच्या लादीवर, बत्तीस मिनिटं एकटी पडून होती. मी तेव्हा त्याच बिल्डिंगच्या गच्चीवर, चार मजले वर, तिच्या बरोब्बर डोक्यावर होते.

घरात आम्ही दोघीच. मी एकोणपन्नास वर्षांची, बेलापूरला नोकरी, लग्न केलं नाही आणि त्यावरची चर्चा दहा वर्षांपूर्वीच संपली. धाकटा भाऊ जुईनगरला, त्याच्या बायकोमुलांसोबत. त्या महिन्यात डॉक्टरांनी आईची बीपीची गोळी बदलली होती. उठताना चक्कर येईल, रात्रीचं एकटं सोडू नका, असं मला आणि भावाला समोर बसवून बजावलं होतं. भाऊ म्हणाला, "ताई, हा महिना तुझे तारे राहू दे." मी भडकले. म्हटलं, "मी काय हिमालयात चाललेय? वर गच्चीवर तर असते. फोन केला की दोन मिनिटांत खाली."

मला तो महिना सोडायचा नव्हता. मृगाच्या डावीकडे एक तेजोमेघ आहे, गुलाबाच्या आकाराचा. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नाही. तीन हिवाळे मी त्याच्या मागे होते. पहिल्या हिवाळ्यात मी हौसेने भली मोठी दुर्बीण आणली, जी नवा माणूस हमखास करतो तीच चूक. दुर्बीण मोठी आणि खालचा स्टँड लटपटता, त्यामुळे सगळे तारे शेवयांसारखे लांबट. मग शहाणपण आलं. दुर्बीण छोटी घेतली आणि तिला आकाशाबरोबर हळूहळू फिरवणारा स्टँड चांगला दणदणीत घेतला. भाऊ तो उचलून म्हणाला होता, "नाकापेक्षा मोती जड झाला की गं." दुसरा हिवाळा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये गेला. फोटो काळा येतो म्हणून मी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, वाढवत सुटले, बत्तीसशेपर्यंत गेले, आणि हाती आली नुसती रवाळ लाली. आठशेवर ठेवायचा आणि शटर तीन मिनिटं उघडं ठेवायचं, हे कळायला मला वर्ष लागलं. शहराचा उजेड अडवणारा फिल्टर आला, तो तिसऱ्या हिवाळ्यात. तोवर हवेत धूर इतका, की दुष्काळात तेरावा महिना. आता कुठे सगळं जुळून आलं होतं, आणि मी आईच्या गोळीसाठी ते सोडणार? कप्पाळ माझं, पण तेव्हा मी अगदी असाच विचार केला.

त्या शनिवारी साडेसातला जेवणं झाली. आईला गोळी दिली, पलंगावर बसवलं, मोबाईल तिच्या गळ्यातल्या पिशवीत आहे ना ते पाहिलं. म्हटलं, "उठायचं नाही. काही लागलं तर फोन कर."

"अवस हाय," ती म्हणाली. रागावली की तिच्या तोंडी तिची गावची भाषा येते. "निदान केस तरी बांध."

मी केस बांधले आणि गेले.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आणि शेजारच्या टॉवरच्या फटीतून ध्रुव दिसतो, तेवढाच. त्याच्या रोखाने स्टँड लावला, काचेवर दव धरू नये म्हणून गरम पट्टा गुंडाळला, फोकस केला. आणि मग ती गोष्ट केली, जिच्यामुळे हे सगळं झालं. आधी मी कॅमेरा एका छोट्या रिमोटवर चालवायचे. त्याच आठवड्यात मी ते सगळं मोबाईलच्या ॲपवर घेतलं होतं. स्टँडचं स्वतःचं वायफाय असतं, फोन त्याला जोडायचा, आणि फोनच कॅमेऱ्याला सांगतो की उघड, मिट, पुन्हा उघड. फक्त ते ॲप महा नाजूक. मध्ये कुणाचा फोन आला की कनेक्शन तुटायचं आणि पुढचं सगळं थांबायचं. आमच्या आकाशवेड्यांच्या ग्रुपवरच्या एका जाणत्याने लिहिलं होतं, फोन सरळ एअरप्लेन मोडवर टाका आणि फक्त वायफाय चालू ठेवा. मी तसं केलं. आईला 'फोन कर' म्हणून सांगितलेली मी, त्याला तास झाला नव्हता, आणि तोच फोन मी माझ्या हाताने बंद केला. डोक्यात आलंच नाही. खरंच आलं नाही, हे मी भावाला शंभरदा सांगितलं आहे.

साडेआठला फ्रेम सुरू झाल्या. एकेक फ्रेम एकशे ऐंशी सेकंदांची, अशा चाळीस घ्यायच्या. फ्रेम चालू असताना गच्चीवर कुणी चाललं तरी स्लॅब हलते आणि तारे लांबतात, म्हणून मी टाकीच्या कडेला खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. पहिल्या दहाबारा फ्रेम वाऱ्याने घालवल्या. प्रत्येक वेळी शटर मिटलं की मी स्क्रीनवर मोठं करून बघायचे, तारे हललेले, की तोंडातून शिवी जायची. मग नऊच्या सुमाराला वारा पडला. स्क्रीनवरचा तारा असा गोल आला म्हणून सांगू! मी श्वासदेखील जपून घेत होते.

नऊ वाजून पाच मिनिटांनी आई उठली. मी अवसेची गच्चीवर बसलेले, तर खाली आल्याआल्या माझी दृष्ट काढावी म्हणून ती स्वयंपाकघरात मीठमोहऱ्या घ्यायला गेली. परत येताना पॅसेजमध्ये चक्कर आली. तिने मला फोन लावला. पुन्हा लावला. सात वेळा लावला. प्रत्येक वेळी फोनवरची बाई सांगत होती, संपर्क होऊ शकत नाही. शेजारचे लग्नाला गेलेले. मग तिने भावाला लावला. तो गाडीतून निघाला, वाटेत मला फोन करत राहिला, सोसायटीच्या गेटवर करत राहिला, फोन लागेचना. त्याच्याकडे आमची एक चावी असते, ती घेऊन तो थेट वर गेला आणि वॉचमनला गच्चीवर पिटाळलं.

वॉचमन आमचा पन्नाशीचा, सज्जन माणूस. मागच्या महिन्यात तो फेरी मारायला टॉर्च घेऊन गच्चीवर आला होता, तेव्हा मी त्याला असं झाडलं होतं की बिचारा चार दिवस माझ्याकडे बघत नव्हता. त्या रात्री गच्चीचं दार वाजलं, टॉर्चचा झोत जमिनीवर पडला आणि त्याने हाक मारली, "मॅडम..."

मी बसल्या जागेवरून हात वर केला. "टॉर्च बंद! हिलना मत!"

त्याने टॉर्च विझवला. पुन्हा तोंड उघडलं तसं मी ओठांवर बोट ठेवलं. डोळे दिपू नयेत म्हणून लाल केलेल्या फोनच्या स्क्रीनवर आकडा होता, एकशे चार. एकशे तीन. एकशे दोन. तो धापा टाकत होता, जिने चढून आला होता, तरी तसाच दाराशी उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही, आकड्याकडे पाहत होते. मनात एवढंच होतं की हा हलला तर ही फ्रेम गेली. आकडा शून्यावर आला, शटर मिटलं, आणि मी वैतागून विचारलं, "हां, बोलो, क्या है?"

"माताजी गिर गयी हैं, मॅडम. भैया आये हैं."

जिने कसे उतरले ते आठवत नाही. दार उघडं होतं. पॅसेजभर मोहऱ्या सांडलेल्या, भाऊ त्यातच बसलेला आणि आईचं डोकं त्याच्या मांडीवर. तिचा चेहरा पांढराफटक. उजवा पाय विचित्र वळलेला. भावाने वर बघून विचारलं, "ताई, फोन कुठाय तुझा?"

तो माझ्या हातात होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. भाऊ माझ्याशी कामापुरतं बोलत होता आणि मला वाटत होतं त्याने एकदाचं मला कानफटवावं. आईच त्याला दटावायची. "तिला काय तोंड पाडून दाखवतोस? मी उठले ती माझी चूक." मला मात्र डोळे मिटले की लाल आकडे दिसायचे. एकशे चार, एकशे तीन. वॉचमनने ते कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

दोन महिने मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग एका दुपारी आईच म्हणाली, "त्या दिवसाचे फोटो बघितलेस की नाही?" ती तोवर वॉकर घेऊन हॉलभर फिरायला लागली होती. मी लॅपटॉप उघडला. सगळ्या फ्रेम एकावर एक रचायच्या आधी सॉफ्टवेअर त्यांना गुण देतं, ज्या फ्रेममध्ये तारे जास्त गोल ती वर. प्रत्येक फ्रेमवर वेळ असते. वरच्या अकराच्या अकरा फ्रेम नऊ पाच ते नऊ अडतीसमधल्या होत्या. वारा पडला होता तो तेव्हाच. आणि सगळ्यांत वर होती ती, जिच्यात वॉचमन दाराशी उभा होता.

आई हळूहळू येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. "मी पडले होते तेव्हाचा कुठला?"

मी एक मधलीच फ्रेम उघडली, नऊ वीसची. तिने चष्मा लावला, स्क्रीनला नाक लावून पाहिलं. काळपट लाल चौकोन आणि त्यात थोडे ठिपके.

"यात तर काहीच नाही गो."

"एकात दिसत नाही आई. सगळ्या एकत्र केल्या की दिसतं."

"मग कर की एकत्र. माझ्यापायी वाया का घालवतेस?"

तिने चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाली, "तो वॉचमन वर आला, तेव्हा घाबरली असशील ना तू?"

"हो."

"आणि तशीच धावत आलीस."

मी लॅपटॉपकडे बघत म्हटलं, "हो आई. तो आला तशी लगेच आले."

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "मी तुझ्या भावाला लादीवर पडल्यापडल्या तेच सांगत होते, तिला नुसतं कळू दे, एक क्षण थांबणार नाही ती."