चर्चच्या बाजूच्या दाराची चढण

लहानपणच्या तापात माझे दोन्ही पाय गेले. बाने मला चार लाकडी चाकांची एक फळी करून दिली होती. तिच्यावर बसायचं आणि हातातल्या ठोकळ्यांनी जमीन रेटत जायचं. आमच्या मूल गावच्या सपाट रस्त्यांवर माझं कुणावाचून अडत नसे. अडायचं ते फक्त चर्चपाशी. तिथे चार उंच पायऱ्या होत्या आणि दर रविवारी बा मला उचलून आत न्यायचा.

मी संशयी आहे असं सगळेच म्हणतात. असेन. पण मला तसं केलं कुणी? आधीच्या पाद्र्यांच्या वेळी परदेशी पाहुणे आले की मला ओढून सगळ्यांच्या पुढे बसवायचे, फोटो काढायचे आणि हातात बिस्किटं ठेवायचे. पाहुण्यांची मोटार गेली की मी परत मागच्या सतरंजीवर. म्हणून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीचा भाकरीचा तुकडा, घ्यायचं वय झालं तेव्हा मी घरी सांगून टाकलं, वेदीपर्यंत माझी मी जाईन तेव्हाच घेईन, कुणाच्या कडेवरून नाही. त्यानंतर दोन वर्षं भाकरीचा तो तुकडा माझ्या तोंडात गेला नाही. माझ्याहून लहान पोरी पुढे जाऊन, गुडघे टेकून घेऊन यायच्या. मी मागे बसून त्यांच्या पाठी बघायची आणि जळायची.

चंद्रपूर जिल्ह्याला अजून चांदाच म्हणत, त्या काळात नागपूरहून नवे पाद्रीसाहेब आले. एका दुपारी मी पाहिलं, ते चर्चच्या बाजूच्या दारापाशी सुतळीने काहीतरी मोजत होते आणि शेजारी बा उभा. मला पाहताच दोघे गप्प झाले. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"काऊन गेला होता तिकडं?" घरी आल्यावर मी बाला विचारलं.

"असाच."

बा राइस मिलमध्ये हमाल होता. तो जन्मात कुठे असाच गेलेला नव्हता.

दोन दिवसांनी पाद्रीसाहेब घरी आले आणि माझ्या गाडीची रुंदी विचारू लागले.

"काऊन? फोटोत मावत नाई का?" मी म्हटलं. ते हसले. मी हसले नाही.

मग बाच्या ओळखीचे चार हमाल आले. त्यांच्यातला एकही ख्रिस्ती नव्हता. दगड, मुरूम, चुना टाकून ते बाजूच्या दारापर्यंत चढण बांधू लागले. भजनाला पुढे बसणारी एक म्हातारी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "समोरून काऊन नाई बांधत? पावन्यायले तू दिसली नाई पाह्यजे म्हनून." आधी मला दाखवायचे, आता लपवणार. मला ते लगेच पटलं. वाईट गोष्ट मला नेहमीच लगेच पटते.

शनिवारी काम संपलं तशी मी बघायला गेले. चढण चांगली रुंद होती, चुना नीट घोटलेला होता आणि हातभर अंतरावर आडव्या दगडी पट्ट्या वर काढलेल्या होत्या. मिलच्या गोदामाला असतात तशाच. पाठीवर पोतं घेऊन चढणाऱ्याचा अनवाणी पाय त्या पट्ट्यांवर अडतो, घसरत नाही. मी गाडी रेटली. पहिल्याच पट्टीला चाकं थटली. जोर लावला तशी मी मागच्या मागे उलटले आणि कोपर सोलवटलं.

"पट्ट्या मजबूत टाकल्या बाई," एक हमाल मला उठवत म्हणाला. "पाय बिलकुल घसरनार नाई."

"कोनाचा पाय?"

हमालाने बाजूला उभ्या असलेल्या बाकडे पाहिलं. मला सगळं कळलं. ती चढण माझ्यासाठी नव्हतीच. मला गाडीसकट उचलणाऱ्यासाठी होती.

"मी पोतं हाव का, बा?" मी सगळ्यांसमोर ओरडले. "त्या पाद्र्यानं सांगतलं आन् तू बांधलं!"

"त्याइनं नाई सांगतलं. मीच गेलो होतो त्याइच्याकडं." बा खाली बघत होता. "माह्ये गुडघे गेले, पोरी. मिलमध्ये आता पोती शिवाले बसवते मले. पायरी चढवत नाई. तुले घेऊन पडलो त?"

हे त्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मला लाज वाटली, पण राग काही उतरला नाही.

"तं उचलू नको ना मले! म्या कधी म्हनलं उचल म्हनून?"

 मी स्वतः चढेन हे बाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मग तो खाली बसला, छन्नी-हातोडा मागून घेतला आणि एकेक पट्टी फोडत गेला. हमालांनी वरून चुना घोटून सगळं गुळगुळीत केलं.

चुना वाळल्यावर पुढच्या रविवारी मी गाडी रेटली आणि चढले. आत जाऊन आधी चारी बाजूंनी पाहिलं, कॅमेरा कुठेच नव्हता. मधल्या वाटेने वेदीपर्यंत गेले. पाद्रीसाहेब माझ्यासमोर खाली बसले आणि भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. तो तोंडात घालून मी वळून पुरुषांच्या बाजूला पाहिलं. मला बाला दाखवायचं होतं.

त्याची जागा रिकामी होती. बाजूच्या उघड्या दारातून तो दिसला. अर्ध्या चढणीवर भिंतीला हात लावून तो बसला होता. त्या गुळगुळीत चुन्यावर त्याचा पाय ठरत नव्हता आणि पायऱ्या तर त्याला होणाऱ्या नव्हत्या. मी बघतेय हे पाहून त्याने हाताने खूण केली, राहू दे, तू बस आत.

"बाहेर एक मानूस राह्यला," मी पाद्रीसाहेबांना म्हटलं. ते ताट घेऊन उठले आणि बाजूच्या दाराने बाहेर गेले.

चढण चांगली चार हात रुंद होती. एका बाजूला पट्ट्या ठेवून दुसरी बाजू माझ्यासाठी गुळगुळीत करता आली असती. हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही, आणि मला तर सुचायलाच हवं होतं.