काच वाढली

फुटणार नाही अशी काच या जगात अजून घडलेली नाही, हे मला मान्य आहे. पण आमच्या काचवाल्या चाचांच्या तोंडून 'फुटली' हा शब्द ऐकलेला माणूसही अजून जन्माला यायचा आहे. साताऱ्यात एसटी स्टँडच्या मागे त्यांचं पत्र्याचं दुकान. उभं आयुष्य गाड्यांच्या काचा बसवण्यात गेलं, तरी हा माणूस तो शब्द जिभेवर येऊ देत नाही. दुकानात काचेजवळ मोठ्यानं हसायचं नाही, शिंक आली तर रस्त्यावर जायचं. मी एकदा तिथेच शिंकलो, तेव्हा त्यांनी आधी काचेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. परगावाहून आलेली काच ते त्याच दिवशी कधी बसवत नाहीत. "दमून आलीया, पडू द्या जरा," म्हणत तिच्यावर वाकळ पांघरतात. खुद्द त्यांच्या चष्म्याच्या डाव्या काचेला आडवा तडा आहे. ती बदला म्हटलं की म्हणतात, "असू द्या सायेब, लय वर्सांची सोबत हाय."

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती एका माकडामुळे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोयनानगरला नोकरीत असताना घेतलेली गाडी आमच्या दारात उभी असायची. आप्पा गेल्यावर आई रोज तिच्यावरून फडकं फिरवायची. एके सकाळी माकडानं छपरावरचं कौल सरकवलं आणि ते नेमकं गाडीच्या पुढच्या काचेवर आलं. आईची तर एकच इच्छा उरली होती: कोयनेच्या ज्या कॉलनीत संसार मांडला, ती एकदा याच गाडीत, पुढच्या सीटवर बसून पाहायची. ऐंशी ओलांडलेली, त्यात हृदयाचं दुखणं. जे काही करायचं ते लवकर करा, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आणि त्या गाडीची काच मिळायची बंद होऊन जमाना झाला होता.

चाचांनी महिनोन्‌महिने शोधून शिरवळच्या एका भंगाराच्या गोदामात एक काच मिळवली. टेंपोनं ती येणार होती त्या दुपारी त्यांचा फोन आला.

"सायेब, काच आली. पन वाढली."

"वाढली? किती?"

"पार वाढली. चार ठिकानी."

"मग चारी बाजूंनी घासा की थोडी!" मी म्हणालो.

मग अगदी हळू, खुळ्या माणसाशी बोलावं तसे ते म्हणाले, "वाढल्याली घासून काय करू?"

माप चुकवलं म्हणून मी चाचांवर चिडलोच होतो, तर आई खाटेवरून म्हणाली, "अरे, बांगडी वाढते ना, तशी. फुटली म्हणतायत ते." आणि भिंतीकडे तोंड करून पुढं म्हणाली, "राहू दे आता. नाही जमायचं ते."

चाचांनी मात्र कुणी न सांगता सांगली गाठली. चौथ्या दिवशी परतले ते एसटीनं, वाकळीत गुंडाळलेली दुसरी काच घेऊन. सांगली ते सातारा काच महिलांसाठी राखीव सीटवर बसून आली आणि चाचा तिला धरून उभ्यानं आले. कंडक्टरनं हरकत घेतली तेव्हा, "काच बाईमानूसच हाय की," असं त्यांनी त्याला ऐकवलं म्हणे.

बसवायला ते आमच्या दारी आले आणि आल्या आल्या परकराचा कोरा नाडा मागितला. सुतळी रबर कापते, नायलॉन घसरतो, नाड्यासारखं काही नाही, असं त्यांचं ठाम मत. रबर आधी गरम पाण्यात मऊ केलं, काचेभोवती बसवलं, त्याच्या खाचेत आईनं दिलेला नाडा फिरवला आणि सगळीकडून साबणाचं पाणी लावलं. काच बाहेरून चौकटीवर टेकवून मी तळवा ठेवून उभा, आणि चाचा आत बसून नाडा ओढतायत. नाडा जसा सुटेल तशी रबराची कड पत्र्यावर चढत होती. चाचा गाडीला सारखे म्हणत होते, "सैल सोड, माजे बाय. हात सैल सोड."

ते ऐकून पायरीवर बसलेली आई एकदम माहेरच्या बोलीत म्हणाली, "आवं, तुमी बांगडीवाल्याच्या घरातले का?"

"व्हय आक्का. फलटनच्या बाजारात अब्बा बांगड्या भरायचे."

"मग माझा लग्नाचा चुडा त्यांनीच भरला असंल. माझं माहेर तिथलंच."

चाचा नाडा धरून थांबले. "अब्बा म्हनायचे, वाढली म्हनावं. कुनाचं बी काय तोंडानं मोडू नये."

शेवटचा कोपरा मात्र अडून बसला. "एक बुक्की मारू का?" मी विचारलं, तर शिंकेच्या वेळी पाहिलं होतं तसंच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "अंगठ्यापाशी अडतेच ती. साबण लावा अजून, घाई नका करू." चाचांनी आज्ञाधारकपणे साबण लावला, नाडा बोटभर ओढला, आणि कड पत्र्यावर चढून बसली. आई टाळ्या वाजवेल असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

कोयनेला चाचाही आले. "काचंला घाट नवा हाय," हे कारण. मागच्या सीटवरून ते पूर्ण घाटभर त्या कोपऱ्यावर नजर ठेवून होते. कॉलनीत आमच्या जुन्या घराला कुलूप होतं. आई खाली उतरली नाही. काचेतूनच बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दिसलं सगळं. चल आता." तिला ते दिसलं, याबद्दल मी चाचांचा जन्मभर ऋणी आहे.

त्यानंतर चारच महिन्यांनी आई गेली. नातेवाइकांना फोन करताना 'गेली' हा शब्द मी दहादा न अडखळता उच्चारला. चाचांना फोन लावला आणि तिथे मात्र जीभ वळेना.

"चाचा, आई..." इतकंच म्हणून मी थांबलो.

त्यांना तेवढ्यावरून कळलं. मग म्हणाले, "वाढल्या म्हना, सायेब."

"व्हय चाचा, वाढली," मी म्हणालो, आणि सकाळपासून अडलेलं रडू तेव्हा आलं.