पोर पेट्रोल भरायला गेलाय

हसायचं नाही हं कुणी! माझ्या एका कप चहाने एका म्हाताऱ्या माणसाचा सण बुडवलाय.

नाहूरला विसरण्याचा आजार जडलेल्या म्हाताऱ्यांचं केंद्र आहे, तिथे मी मावशी. भरवायचं, पुसायचं, डायपर बदलायचे आणि दिवसभर खोटं बोलायचं. हो, खोटंच! कुणी 'घरी जायचंय' म्हटलं की आम्ही नाही म्हणत नाही. 'हो हो, आधी चहा घेऊ' म्हणतो. चहा संपेपर्यंत माणूस घर विसरतो.

आमच्याकडे मढच्या कोळीवाड्यातले एक बाबा आहेत. जन्म सगळा होडीवर गेला. 'पोर येतोय न्यायला' हे त्यांचं रोजचंच.

नारळी पौर्णिमेला मी दुसऱ्या पाळीलाही तिथेच. बदली बाई आलीच नव्हती, डोकं नुसतं भणभणत होतं. बघते तर बाबा नवा शर्ट घालून दारात!

"पोर आयलाय न्यायला."

"हो हो बाबा! गाडीत पेट्रोल भरायला गेलाय. चला, चहा घेऊ."

शर्ट उतरवला, चहा पाजला, बिस्किट बुडवून दिलं. बाबा खूश. मीपण खूश, काय माझी हुशारी!

तेवढ्यात एक माणूस धापा टाकत जिना चढून आला.

"बाबा, चला ना! खाली कधीचा थांबलोय. सिस्टरनी तयार केलेलं ना तुम्हाला?"

खराखुरा मुलगा! किती महिन्यांनी उगवला होता.

बाबांनी त्याला खालीवर न्याहाळलं. "तू कोन?"

"अहो, मीच! तुमचा पोर!"

"चल निघ! माझा पोर पेट्रोल भरायला गेलाय. ही बाय बोलली."

मी हात जोडले, "बाबा, मी खोटं बोलले, हाच तुमचा मुलगा." ऐकतील तर शपथ! माझं नावसुद्धा कधी त्यांच्या लक्षात राहत नाही, आणि पेट्रोलचं मात्र पक्कं बसलं. मुलगा बराच वेळ बसला, मग डोळे पुसत एकटाच गेला. बाबा खिडकीत पेट्रोल भरायला गेलेल्या पोराची वाट बघत राहिले. फार वाईट वाटलं हो.

मी तडक इनचार्ज मॅडमकडे. "मॅडम, आता माझंच डोकं चालेना. गणपतीला गावी जाऊ द्या. गेल्या वर्षीपण रजा नाही दिलीत."

"हो हो, जा ना," मॅडम गोड हसल्या. "आधी चहा घे."

घेतला. बिस्किटपण खाल्लं. बरं वाटलं. कप विसळला आणि जाऊन बाबांची चादर बदलली.

रजेची आठवण झाली ती थेट घरी, भाजी चिरताना!