मांडवाखालचा एसी

जमिनीचे पैसे आले की आमच्याकडची माणसं बंगला बांधतात, सोनं घेतात, नाहीतर निवडणुकीला उभी राहतात. माझ्या भावाने चाकांवरची खोली घेतली. तिला तो कॅरव्हॅन म्हणतो. गाडीच्या मागे जोडायची, वाटेल तिथे न्यायची आणि छपरावरच्या सोलर पॅनलांवर बॅटऱ्या भरून आत एसी लावून झोपायचं, असा बेत होता. प्रत्यक्षात ती कल्याणहून खडवलीच्या आमच्या शेतावर गेली आणि तिथेच बसली. कारण दोन दिवस घराबाहेर राहायचं म्हटलं की भाऊ सतरा सबबी काढतो. पण भेटेल त्याला तो ऐकवायचा, बारशाला काय नि मयताला काय: बोर्डाची लाईट नको, थेंबभर डिझेल नको, आपला एसी उन्हावर चालतो. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कल तरी असावी.

मे महिन्यात त्याच्या मुलीची हळद होती, शेतावरच. आमची आई गावातली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळद लागताना जी बाई धवले, म्हणजे विधीची गाणी गाते, ती. बाकीच्या बायका मागून ओढतात, पण अख्खा धवला तोंडपाठ असलेली आता आईच उरली आहे. हिवाळ्यात तिच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी उन्हात जायचं नाही म्हणून बजावलं. तिचं मात्र एकच मागणं होतं, या नातीला हळद लागताना धवला मीच गाणार. मी म्हटलं, डोंबिवलीत एसी हॉल घेऊ. भाऊ हसला. शेत असताना हॉल कशाला, आई आपल्या कॅरव्हॅनमध्ये गारेगार बसेल, हळदीपुरती दारात येऊन गाईल, असं त्याने ठरवूनच टाकलं.

हळदीच्या दिवशी मी शेतावर पोचले आणि कपाळावर हात मारला. कॅरव्हॅन मांडवाच्या आत उभी होती. पाहुण्यांना आल्या आल्या दिसावी म्हणून. तिच्या छपरावर गुलाबी कापडाचं दुसरं छत, त्याला झालरी, झेंडूच्या माळा. उन्हावर चालणारी वस्तू माझ्या भावाने उन्हाने तापू नये म्हणून सावलीत ठेवली होती. मी विचारलं, तर म्हणाला बॅटरी फुल आहे, संध्याकाळपर्यंत बघायला नको.

मग दर्शन सुरू झालं. येणारा प्रत्येक पाहुणा आत जाऊन गारवा घेणार, पलंग दाबून बघणार, पोरांना कडेवर घेऊन एसीपुढे उभा राहणार. दार सतत उघडं. आई बिचारी पलंगाच्या कोपऱ्यात, प्रदर्शनातच मांडल्यासारखी. दुपार व्हायच्या आत एसी बंद पडला.

मी भावाला म्हटलं, वरचं कापड काढ. तो काही म्हणायच्या आत आमचे चुलते बोलले: मुहूर्तमेढ रोवली, मांडवाची पूजा झाली, आता लग्न लागेपर्यंत कापडाला हात लावायचा नाही. बरं, गाडी उन्हात ओढा म्हणावं, तर तिच्या चहूबाजूंनी मांडवाचे खांब. राहता राहिला डीजेचा जनरेटर. तो पन्नास पावलांवर धडधडत होता, एक वायर टाकली की काम झालं असतं. भावाने मला बाजूला घेतलं.

"सगळ्यांना सांगितलंय, डिझेल लागत नाही म्हणून. आता वायर ओढली तर व्याह्यांसमोर माझं नाक राहील का? जरा थांब, बॅटरी भरेल परत."

कशावर भरेल, झेंडूच्या माळांवर? पण तो निघूनही गेला होता. जाताना आतला गारवा टिकावा म्हणून कॅरव्हॅनचं दार लावून घेतलं आणि आई आराम करतेय असं सगळ्यांना सांगितलं.

मी दार उघडलं तर आतून भपकाच आला. आईचं लुगडं पाठीला चिकटलेलं, ओठ सुकलेले. माझ्या मागोमाग व्याहीणबाई डोकावल्या. त्यांना बघून आई सावरून बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "लय गार हाय गो. माज्या पोरानं माज्यासाठी केलंय समदं."

व्याहीणबाई हो म्हणाल्या आणि नाकाला रुमाल लावून बाहेर पडल्या.

माझं डोकं फिरलं. मी आईला म्हटलं, ऊठ, बाहेर चल. ती उठेना. पाहुण्यांत त्याला खाली बघायला लावू नको म्हणाली. शेवटी दंडाला धरून मी तिला आंब्याखाली नेलं, पाणी पाजलं, ओला पदर डोक्यावर ठेवला. भाऊ लांबून डोळे वटारत होता. मी बघितलंच नाही त्याच्याकडे.

हळदीला मात्र तिने मला थांबवू दिलं नाही. पाटासमोर बसून तिने धवला सुरू केला. पहिल्या ओळी नीट आल्या. पुढे आवाज खोल गेला, एका ओळीच्या मध्येच श्वास सरला. बायका थांबल्या. हळद माखलेली नात आजीकडे बघत होती. आईने हात वर करून थांबा म्हणून खूण केली, छातीवर हात ठेवला, पुन्हा तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. मांडव शांत झालेला भावाला सोसेना. त्याने डीजेवाल्याला खूण केली आणि माणसं नाचायला उठली.

आई आता बरी आहे. भाऊ अजूनही लोकांना सांगतो की भर मे महिन्यात आईला दिवसभर एसीत बसवलेली, आणि आई शेजारी बसून मान हलवते. भावाकडून मला कसलीच अपेक्षा नाही. राग येतो तो त्या मान हलवण्याचा.

परवा आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी तिला म्हटलं, तो राहिलेला धवला मला तरी म्हणून दाखव. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरीची हलद उतरली गो बाय. आता कोनाला गाऊ?"